‘हसरे दात’ यांचा भौतिकशास्त्राचा अभ्यास

“चार महिने? चार महिने म्हणजे काय हो, डोळ्यांची उघडझाप!” असं कवळीवाले सगळ्यांना सांगत सुटले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांगून झालं, समोरच्या चपलांच्या दुकानदाराला सांगून झालं. पाण्याचा मीटर बघायला आलेल्या माणसाने तर काही विचारलंही नव्हतं, तरी त्याला थांबवून सांगितलं. “घर काय, मी एका हाताने चालवीन! दुसरा हात खिशात!”

मीटरवाला म्हणाला, “बरं.”

कवळीवाले हे त्यांचं नाव नव्हे, धंदा होता. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांची मापं यायची, आणि हे घरापासून पाच मिनिटांवरच्या आपल्या छोट्याशा कार्यशाळेत बसून, मेण, प्लास्टर आणि पॉलिशचं मशीन यांच्या संगतीत त्या मापांच्या कवळ्या करायचे. उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात गेलेला माणूस. स्वतःच्या तोंडातून मात्र मनातलं वाक्य कधी बाहेर पडलं नव्हतं. बायकोवर माया फार, पण ती व्यक्त करायची त्यांची कमाल मजल म्हणजे, “अगं, तुझी छत्री दुरुस्त करून आणलीय.”

बायको हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायची. वीस वर्षं शिकवत होती, आणि चांगलं शिकवायची. संस्थेने परीक्षेच्या तयारीसाठी व्हिडिओ काढायचं ठरवलं, तेव्हा साहजिकच पहिलं नाव तिचं निघालं. एकूण चौसष्ट व्हिडिओ. प्रत्येकात आधी धडा समजावून सांगायचा, मग एक सराव प्रश्न द्यायचा, आणि शेवटी उत्तर. चित्रीकरण दुसऱ्या गावी, रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नाही. चार महिने तिकडेच राहायचं.

ती जायला कां-कूं करत होती, कारण लेक स्वतःच त्या वर्षी परीक्षेला बसणार होती.

“आई, तू जाच!” लेक म्हणाली. “तू समोर बसलीस की मला सूत्र आठवत नाही, तू मागच्या वेळी काय बोललीस तेच आठवतं.”

“परीक्षेच्या आधी महिनाभर मी परत येईनच,” बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “अहो, तुमचं काय? जाऊ ना?”

तिच्या विचारण्यात ‘नको जाऊस’ म्हणायला भरपूर जागा सोडलेली होती. त्या जागेत एक बैलगाडी वळली असती. पण कवळीवाल्यांनी छाती पुढे काढली. “जा की! आमचं काही अडत नाही!”

ती उठली आणि बॅग भरायला गेली.

पहिल्या आठवड्यात फारसं काही बिघडलं नाही. एक कुकर, दोन पांढरे शर्ट आणि लेकीच्या शाळेच्या मोज्यांचा रंग, एवढंच. खरी पंचाईत आवाजाची झाली. घरात आवाजच नाही! लेक कानात इअरफोनची बोंडं खुपसून एका ‘सरां’चे व्हिडिओ बघायची. हे सर बंदुकीच्या फैरी झाडल्यासारखे शिकवायचे आणि दर दोन मिनिटांनी “मस्त!” म्हणायचे. जेवताना लेक काही बोललीच तर तेही दोन शब्द. “मीठ नाही.” किंवा “मीठ फार.”

रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा.

“सगळं ठीक?”

“एकदम ठीक!”

“जेवलात?”

“जेवलो.”

“मग... ठेवू?”

“ठेव.”

इतका लांबलचक संवाद आटोपला की कवळीवाले फोन हातात धरून बराच वेळ त्याच्या काचेत स्वतःचंच नाक बघत बसायचे.

आणि मग एके दिवशी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, कार्यशाळेत डबा उघडताना, त्यांनी बायकोचा पहिला व्हिडिओ लावला. फोन प्लास्टरच्या डब्याला टेकवून उभा केला. संस्थेच्या ॲपवर नाव नोंदवावं लागत होतं. स्वतःचं नाव द्यायची लाज वाटली, म्हणून कार्यशाळेच्या पाटीवर होतं तेच टाकलं, ‘हसरे दात’. पत्ता आणि फोन नंबरही पाटीवरचेच.

पडद्यावर बायको आली. निळी साडी. मागे फळा.

“मुलांनो,” ती म्हणाली, “आज आपण वेग शिकणार आहोत.”

वीस वर्षं जुन्या नवऱ्याला ‘मुलांनो’ म्हटलेलं त्यांना इतकं गोड लागलं की घास हातातच राहिला. तिने काय शिकवलं ते त्यांना समजलं नाही. ते बोलणं ऐकतच नव्हते, ते आवाज ऐकत होते. शेवटी तिने सराव प्रश्न वाचून दाखवला, आणि म्हणाली, “आता तुम्ही सोडवा. मी थांबते.”

आणि ती खरंच थांबली! हात बांधून, काही न बोलता, सरळ कॅमेऱ्यात बघत. वीस सेकंद.

कवळीवाल्यांना घाम फुटला. लग्नाला वीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात ही बाई त्यांच्यासमोर सलग वीस सेकंद शांत उभी राहून नुसती त्यांच्याकडे बघते आहे, असं एकदाही घडलं नव्हतं. बघितलंच असेल तर ते त्यांच्या शर्टावरच्या डागाकडे. कपाळावर एक बट आली होती. ती मागे सारायला त्यांचा हात उठला, तर बोटाचं मेण फोनच्या काचेला लागलं.

एकविसाव्या सेकंदाला ती पाठ फिरवून फळ्यावर उत्तर लिहायला लागली. संपलं! पाठमोऱ्या बायकोत कवळीवाल्यांना रस नव्हता. ती पाठ ते स्वयंपाकघराच्या दारातून वीस वर्षं बघत आले होते.

आता, व्हिडिओ बोटाने मागे सरकवता येतो हे जगातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कवळीवाल्यांना माहीत नव्हतं. त्यांनी व्हिडिओ बंद केला आणि पहिल्यापासून पुन्हा लावला. “मुलांनो, आज आपण वेग शिकणार आहोत.” पुन्हा प्रश्न, पुन्हा “मी थांबते”, पुन्हा वीस सेकंद. पाठ फिरली की बंद. पुन्हा पहिल्यापासून.

दर वेळी व्हिडिओखालचा पाहणाऱ्यांचा आकडा एकाने वाढत होता. तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

मग हा नेमच झाला. रोज दुपारी एक वाजून दहा. त्या वीस सेकंदांत ते पडद्यावरच्या बायकोशी बोलायचे. फोनवर जे सुचायचं नाही, ते इथे भडाभडा बाहेर पडायचं. “अगं, कुकरची शिट्टी सापडत नाहीये...” “अगं, पोरगी वाळलीय गं, पण मी विचारलं की चिडते...” “अगं, तुझी उशी मी घेतो हल्ली. सांगू नकोस कुणाला.” वीस सेकंदांत एवढंच मावायचं. वाक्य अर्धवट राहिलं की ते पुरं करायला पुन्हा पहिल्यापासून घर्षण शिकावं लागायचं.

शेवटी न राहवून त्यांनी व्हिडिओखाली सूचना लिहिली. “बाई फार छान शिकवतात. परंतु थांबण्याची वेळ वाढवावी. वीस सेकंद फार कमी पडतात. – हसरे दात.”

आणि काय आश्चर्य! पुढच्या व्हिडिओपासून ती चाळीस सेकंद थांबायला लागली!

त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

“अहो कवळीवाले, त्या आजोबांची वरची कवळी तुम्हीच पाठवलीत ना?”

“हो. का हो?”

“मी मोजले. पंधरा दात आहेत. वर चौदा बसवतात माणसं! हे आजोबा आहेत का मगर?”

“एखादा जास्तीचा असू दे, पडला तर...”

“तुमचं लक्ष कुठे असतं हो हल्ली?”

लक्ष कुठे असतं ते सांगण्याची सोय नव्हती. चाळीस सेकंदांच्या आनंदात चौदानंतर त्यांचा हात थांबायचा राहिला होता.

तिसरा महिना संपत आला तेव्हा एका संध्याकाळी बायकोचा फोन जरा वेगळ्याच सुरात आला.

“अहो, एक गंमत सांगू? माझे व्हिडिओ फार बघतायत मुलं! घर्षणाचा तर अकराशेच्या वर गेला!”

“वा! वा!” कवळीवाल्यांची छाती फुगली. “जाणारच! तू शिकवतेसच तशी.”

“इथले प्रमुख साहेब म्हणतात, सगळ्यांत जास्त मागणी आपल्याच गावाहून आहे. म्हणतात, तिथल्या मुलांना भौतिकशास्त्राची भूक आहे.”

“आपल्या गावाहून?” छातीतली थोडी हवा निघाली.

“हो ना. म्हणून ते म्हणतात, पुढच्या इयत्तेचेही व्हिडिओ तुम्हीच करा. म्हणजे अजून सहा महिने.”

“सहा...?”

“सहा महिने. इथेच. पोरीच्या परीक्षेलासुद्धा मला येता यायचं नाही.” ती थांबली. “त्यांना या महिनाअखेर उत्तर हवंय. काय सांगू?”

अकराशेतले एक हजार आणि वर किती ते आपणच, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! बायकोच्या आठवणीने जीव कासावीस झाला म्हणून तिला बघावं, आणि बघितलं म्हणून ती आणखी सहा महिने लांब जावी! खरं सांगावं, तर तिचा तो आनंदाचा सूर जायचा. अकराशे मुलं पुसून तिथे एक नवरा लिहायचा! आणि न सांगावं, तर...

“अहो? आहात ना?”

“आहे ना! मी काय म्हणतो, हो म्हणून टाक! केवढा मान आहे! इकडची काळजीच करू नकोस. मी घर एका हाताने चालवतोय.”

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली. “मग ठेवू?”

“ठेव.”

त्यांनी फोन ठेवला, आणि कपाळ टेबलावर टेकवलं. कपाळाला टेबलावरचा मेणाचा खालचा जबडा चिकटला.

रात्रभर विचार करून त्यांनी एक योजना काढली. सोपी होती. बघायचंच नाही! आकडा आपोआप खाली येईल, प्रमुखांना वाटेल या गावची भूक भागली, सहा महिने बारगळतील. बायकोला काही सांगायलाही नको. साप मरेल आणि काठीही वाचेल.

पहिल्या दिवशी एक दहाला त्यांनी फोन कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी किल्ली संध्याकाळपर्यंत समोरच्या चपलांच्या दुकानदाराकडे दिली. चौथ्या दिवशी दीड वाजता दुकानात जाऊन परत मागितली, आणि पुन्हा त्यालाच देऊन आले. असा आठवडा काढला. डबा तसाच परत घरी यायचा.

आठव्या दिवशी बायकोचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला.

“नव्या व्हिडिओला किती जणांनी बघितलं, सांगू? अकरा.”

“अकरा... शे?”

“अकरा. नुसते. काय झालं कळत नाही. मुलं कंटाळली असतील. माझंच काहीतरी चुकत असेल.” मग हळूच म्हणाली, “मला वाटलं होतं, कुणालातरी मी आवडते.”

योजना तिथल्या तिथे गतप्राण झाली! बायको असं बोलते आणि आपण कपाटाला कुलपं लावून बसतो? दुसऱ्या दिवशी कवळीवाले पेटून उठले. आपला फोन, घरातला जुना बिनसिमचा फोन आणि लेकीच्या लहान वयातला तडकलेला टॅब, तिन्ही प्लास्टरच्या तीन डब्यांना टेकवले. तिन्हीकडे बायको. एकीकडे आरसे, एकीकडे भिंगं, एकीकडे गुरुत्वाकर्षण.

एवढ्यावरही समाधान होईना, म्हणून ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्यांच्या प्रतीक्षाकक्षातल्या टीव्हीवर बायकोचे व्हिडिओ लावायला लावले. “पेशंटांचं दुखण्यावरून लक्ष उडतं हो!” हे मात्र फारच खरं ठरलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी टीव्ही बंद केला. गाल टम्म सुजलेला एक गृहस्थ नंबर लागल्यावर उठेचना! हाताने ‘थांबा’ अशी खूण करून म्हणे, “लिफ्ट वर जातेय, वजन किती भरतं तेवढं कळू द्या.” बाकीचे तिघे ‘वाढेल’ आणि ‘कमी होईल’ यावरून भांडत होते. तिघांच्याही तोंडात कापसाचे बोळे होते.

अशाच एका दुपारी, तीन पडद्यांवर तिन्ही बायका एकाच वेळी “मी थांबते” म्हणून थांबलेल्या असताना, लेक कार्यशाळेच्या दारात उभी राहिली. शाळा लवकर सुटली होती.

“बाबा, हे काय?”

“काही नाही, जरा... भौतिकशास्त्र.”

लेक आत आली. तिने तिन्ही पडदे पाहिले, तीन फोडी केलेलं सफरचंद तीन पडद्यांसमोर ठेवलेलं पाहिलं, आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

“ते अकराशे तुम्ही?”

“सगळे नाहीत,” कवळीवाले म्हणाले. “अकरा खरे आहेत.”

लेक हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही. स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली. “सरका जरा.”

“तुझे ते बंदूकवाले सर?”

“ते थांबत नाहीत हो, बाबा. मला उत्तर यायच्या आत ‘मस्त!’ म्हणून पुढे जातात.” तिने वही काढली. “अकरांतली एक मी आहे. शाळेच्या वाचनालयात बघते. घरी बघितलं असतं तर तुम्ही आईला सांगितलं असतं.”

दोघं शेजारी बसून बघायला लागली. पडद्यावर आई थांबली की लेक भराभर गणित मांडायची आणि बाप नुसता बघत राहायचा. पाठ फिरली की बाप व्हिडिओ बंद करायला जायचा आणि लेक त्याच्या हातावर फटका मारायची.

“आईला सांगा, बाबा. ‘येऊ नकोस’ असं तुम्हीच सांगितलंय तिला.”

“मी असं कुठे म्हटलं? मी म्हटलं, मान आहे.”

“तेच ते.”

“सांगतो. आज सांगतो.”

आजचं उद्यावर गेलं, उद्याचं परवावर. महिनाअखेरीला दोन दिवस राहिले, आणि एक फोन आला. बायकोचा नव्हता.

“‘हसरे दात’ बोलताय का?” भारदस्त आवाज होता. “मी व्हिडिओ विभागाचा प्रमुख. अभिनंदन! आमचे व्हिडिओ सर्वांत जास्त वेळा पाहणारे विद्यार्थी आपण आहात! एकूण चार हजार दोनशे सात वेळा! आम्ही आपली मुलाखत चित्रित करायला उद्या चार वाजता येतोय.”

“अहो, पण मी...”

“लाजू नका! चिकाटी असावी तर अशी!” फोन बंद.

कवळीवाल्यांनी लेकीच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. “तूच बस ना गं! म्हण, ‘हसरे दात’ म्हणजे मी!”

“चार हजार वेळा बघूनही सराव परीक्षेत साठच मार्क? माझी काही अब्रू आहे की नाही?” लेक म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पावणेचारला ती कार्यशाळेत येऊन कोपऱ्यातल्या कापडी पडद्याआड बसली. मजा चुकवायची नव्हती.

चार वाजता दाराशी गाडी थांबली. आधी कॅमेरामन उतरला. मग सफारी घातलेले, हातात वही घेतलेले प्रमुख उतरले. आणि मग, निळी साडी सावरत, बायको उतरली.

कवळीवाल्यांच्या हातात नुकतंच कालवलेलं प्लास्टर होतं. ते तसंच राहिलं. चार महिने काचेमागे पाहिलेली बाई इथे सबंध उभी होती, पायांसकट. चेहरा मात्र परीक्षागृहातल्या पर्यवेक्षिकेसारखा. ओळख दाखवायची नाही!

“नमस्कार!” प्रमुख म्हणाले. “विद्यार्थी कुठे आहे?”

कवळीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती छताचा पंखा बघत होती.

“मीच,” ते म्हणाले.

प्रमुख क्षणभर अडखळले, मग त्यांचा चेहरा उजळला. “प्रौढ विद्यार्थी! हे तर फारच उत्तम! काम सांभाळून शिकताय! चला, कॅमेरा सुरू! सांगा बरं, आमच्या व्हिडिओंतला एखादा सराव प्रश्न आठवतो?”

“सगळे आठवतात.”

“सगळे? चौसष्ट? बरं, सदतिसावा?”

कवळीवाल्यांनी डोळे मिटले आणि धडाधड म्हणायला सुरुवात केली. “दोन गावांमधलं अंतर तीनशे किलोमीटर आहे. दोन्ही गावांहून एकाच वेळी दोन गाड्या एकमेकींकडे निघतात. एकीचा वेग ताशी चाळीस किलोमीटर, दुसरीचा साठ. तर त्या कधी भेटतील?”

“अक्षर न् अक्षर! शाब्बास! आणि उत्तर?”

कवळीवाल्यांनी डोळे उघडले.

“उत्तर काय? कधी भेटतील?”

“ते... नाही माहीत.”

“माहीत नाही? मग एकोणिसावा. कड्यावरून दगड सोडला तो?”

“पंचेचाळीस मीटर उंच कड्यावरून एक दगड सोडला, तर तो जमिनीवर किती वेळाने पोचेल?” कवळीवाले म्हणाले. “तोही कधी पोचतो ते माहीत नाही.”

“अहो, पण चार हजार वेळा पाहिलंत ना? उत्तर प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी आहे!”

“उत्तर सांगताना,” कवळीवाले खाली हातातल्या प्लास्टरकडे बघत म्हणाले, “त्या पाठमोऱ्या असतात ना.”

पंखा बघणाऱ्या बाईंचा पदर एकदम तोंडावर गेला.

“महत्त्वाची सूचना!” प्रमुख उत्साहाने वहीत लिहायला लागले. “उत्तराच्या वेळी, शिक्षकाचा, चेहरा, दिसत नाही. बरोबर! हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही! आता शेवटचं. बाई इथे प्रत्यक्ष आल्यात. त्यांना काय सांगावंसं वाटतं?”

कॅमेरा जवळ आला. कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. ‘मान आहे’ म्हणायला उघडलं होतं. ‘एका हाताने’ असंही काहीतरी जिभेवर आलं होतं. पण समोर ती उभी होती, कपाळावर बट होती, आणि हातातलं प्लास्टर घट्ट होत चाललं होतं.

“घरी ये गं,” ते म्हणाले. “तुझ्यावाचून करमत नाही.”

प्रमुखांची वही खाली आली. “घरी? शिकवणीला?”

“साहेब, हे माझे मिस्टर,” बायको म्हणाली.

प्रमुख प्लास्टरच्या पोत्यावर बसले. सफारी पांढरी झाली. “आणि हे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या महिन्यापासून. तो आलेख दाखवलात ना तुम्ही, व्हिडिओ कुठपर्यंत पाहिला जातो त्याचा? मी थांबते तिथपर्यंत सगळे हजर, आणि फळ्याकडे वळले की कडेलोट! तुम्ही म्हणालात, मुलं इतकी हुशार आहेत की उत्तराची गरज पडत नाही. मी वेळ पाहिली. दुपारी एक दहा. ही यांच्या डब्याची वेळ. आणि नाव ‘हसरे दात’. या पाटीचा रंग मीच निवडलाय.”

“मग बोलली का नाहीस?” कवळीवाले ओरडलेच.

“तुम्ही बोलाल म्हणून!” ती वळली. “तीन महिने वाट बघितली. सहा महिने म्हणाले, तर म्हणे ‘हो म्हणून टाक’! अकरा म्हणाले, तरी गप्प! आणखी काय करायचं होतं मी? रडून दाखवायचं होतं?”

“तीन तासांनी!” पडद्याआडून आवाज आला.

सगळे दचकले. लेक बाहेर आली. “गाड्या तीन तासांनी भेटतात. आणि दगडाला तीन सेकंद. मी खरी विद्यार्थी आहे. अकरांतली.”

प्रमुखांनी कपाळाचा घाम पुसला. कपाळही पांढरं झालं. तसे ते माणूस वाईट नव्हते. थोडा वेळ हिशेब करून म्हणाले, “बाई, मग ते सहा महिने...”

“नाही म्हणून सांगायलाच आलेय, साहेब.”

कवळीवाल्यांना आनंदाने उडी मारावीशी वाटली. पण दोन्ही हात प्लास्टरमध्ये पक्के बसले होते, आणि प्लास्टर टेबलाला.

“ठीक आहे,” प्रमुख म्हणाले. “सहा महिने रद्द. मात्र...” त्यांनी वही उघडली. “यांची सूचना अगदी योग्य आहे. उत्तर सांगताना चेहरा दिसलाच पाहिजे. चौसष्टच्या चौसष्ट उत्तरं नव्याने चित्रित करावी लागतील. पुढच्या आठवड्यात चार महिने संपतात ना? त्यापुढे आणखी तीन आठवडे धरा. परीक्षेच्या आठवडाभर आधी नक्की सोडतो.”

“तीन आठवडे!” लेक बापाकडे वळली. “बाबा, तुम्हाला सूचना करायला कुणी सांगितलं होतं?”

कवळीवाल्यांनी मान खाली घातली. वीस वर्षांत दोनदा मन मोकळं केलं होतं. दोन्ही वेळा व्हिडिओ विभागाने अंमलबजावणी केली होती.

एवढ्यात कानाला यंत्र लावून बसलेला कॅमेरामन खाकरला. “साहेब, ते ‘घरी ये’ म्हणाले ना, नेमका तेव्हाच बाहेरून ट्रक गेला. आवाज आलेला नाही. पुन्हा घ्यावं लागेल.”

“अहो, आता कशाला?” कवळीवाले कळवळून म्हणाले. “मुलाखत आता रद्दच असेल ना?”

“काम अर्धवट ठेवू नये,” बायको म्हणाली. ती समोर येऊन उभी राहिली आणि कॅमेरामनला म्हणाली, “घ्या.”

मग कवळीवाल्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. एकूण चार वेळा म्हणावं लागलं. ट्रक पहिल्याच वेळी गेला होता. पुढच्या दोन्ही खेपांना ‘नीट ऐकू आलं नाही’ असं म्हणणारा माणूस कॅमेरामन नव्हता.